तीन कोटी पाने आणि एक ईमेल : डेव्हिड बॉइज, मक्तेदारीचे खटले आणि ई-डिस्कव्हरी

१/
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन सरकारने संगणक उद्योगातील दोन बलाढ्य कंपन्यांवर मक्तेदारीचे खटले भरले : १९६९ मध्ये आयबीएमवर आणि १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर. पहिल्या खटल्यात सरकारने तेरा वर्षांनी हात टेकले. दुसऱ्यात सरकारची मुख्य बाजू न्यायालयाने मान्य केली. दोन्ही खटल्यांत एक वकील समान होता. पहिल्यात ते कंपनीच्या बाजूने होते, दुसऱ्यात सरकारच्या. त्यांचे नाव डेव्हिड बॉइज.

२/
हा धागा त्यांच्या कारकिर्दीचा आहे. पण त्या निमित्ताने एका मोठ्या प्रश्नाचाही आहे. अवाढव्य कंपनीच्या मनात काय होते, हे न्यायालयाला कळते कसे? उत्तर बहुधा एकच असते : तिच्याच दप्तरातून. ते दप्तर कागदाचे होते तेव्हा काय झाले, ते संगणकात गेले तेव्हा काय झाले आणि आता ते आपोआप पुसले जाऊ लागल्यावर काय होत आहे, हे क्रमाने पाहू. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

३/
प्रथम कायदा. २ जुलै १८९० रोजी अमेरिकेत शर्मन कायदा अस्तित्वात आला. रेल्वे, तेल, साखर अशा उद्योगांत काही मोजक्या उद्योगसमूहांनी बाजार ताब्यात घेतला होता, त्याला आवर घालण्यासाठी. याच कायद्याखाली १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइलचे ३४ कंपन्यांत विभाजन करण्याचा आदेश कायम केला.

४/
मात्र या कायद्याची एक मेख आहे. मोठे होणे हा गुन्हा नाही. उत्तम माल, स्वस्त दर आणि मेहनत यांच्या जोरावर कोणी सगळा बाजार जिंकला तर कायदा त्याला हात लावत नाही. दोष आहे तो प्रतिस्पर्ध्याला अयोग्य मार्गाने बाहेर ठेवून मक्तेदारी मिळवण्यात किंवा टिकवण्यात. बाहेरून दोन्ही कृती सारख्याच दिसू शकतात. किंमत उतरवली ती ग्राहकासाठी की शेजारचे दुकान बंद पाडण्यासाठी? हे ठरवताना आतली कागदपत्रे निर्णायक ठरतात.

५/
ही कागदपत्रे मिळवण्याचा मार्ग म्हणजे डिस्कव्हरी. १९३८ च्या संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांनी अमेरिकेत तो रुंद केला. खटला उभा राहण्यापूर्वीच समोरच्या पक्षाकडून त्याची टिपणे, पत्रव्यवहार, हिशेब मागता येतात. त्याच्या अधिकाऱ्यांना शपथेवर प्रश्न विचारता येतात. या शपथेवरील जबानीला डिपॉझिशन म्हणतात. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ मध्येही दस्तऐवज उघड करण्याची तरतूद आहे. पण अमेरिकेतील तिचा पसारा निराळाच आहे.

६/
आता बॉइज. जन्म ११ मार्च १९४१, इलिनॉय राज्यातील सिकमोर या छोट्या गावी. वडील शिक्षक. या शिक्षकाच्या मुलाला तिसऱ्या इयत्तेपर्यंत वाचताच येत नव्हते. कारण डिस्लेक्सिया. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात गेले. शाळा संपल्यावर त्यांनी काही काळ बांधकामावर मजुरी केली. मग महाविद्यालय, आणि १९६६ मध्ये येल विद्यापीठाची कायद्याची पदवी.

७/
वाचन कष्टाचे असल्याने त्यांनी दुसरी शक्ती कमावली : स्मरण. एकदा वाचलेला महत्त्वाचा दस्तऐवज पुन्हा चाळावा लागू नये, अशी ही सवय. न्यायालयात टिपणांची चळत न घेता उभे राहायचे आणि साक्षीदाराला नेमके त्याचे जुने वाक्य आठवून द्यायचे, ही त्यांची पद्धत पुढे प्रसिद्ध झाली. लाखो पानांच्या खटल्यांत आयुष्य घालवणाऱ्या माणसासाठी हा मोठाच विरोधाभास म्हणावा लागेल.

८/
१९६६ मध्येच ते न्यूयॉर्कच्या क्रॅव्हाथ, स्वेन अँड मूर या प्रतिष्ठित पेढीत रुजू झाले आणि पुढे भागीदार झाले. पेढीची मोठी अशील होती आयबीएम. १७ जानेवारी १९६९ रोजी, जॉन्सन यांच्या कारकिर्दीचे अखेरचे दिवस मोजले जात असताना, न्याय विभागाने आयबीएमवर खटला दाखल केला. आरोप : सर्वसाधारण वापराच्या संगणकांच्या बाजारात मक्तेदारी. बचावाचे नेतृत्व थॉमस बार यांच्याकडे होते. बॉइज त्यांच्या हाताखाली तयार झाले.

९/
या खटल्याचा पसारा आकड्यांतूनच उमगतो. उघड केलेल्या दस्तऐवजांची संख्या सुमारे तीन कोटी पाने. प्रत्यक्ष सुनावणी मे १९७५ मध्ये न्यायाधीश डेव्हिड एडेलस्टीन यांच्यापुढे सुरू झाली आणि सातशेहून अधिक दिवस चालली. साक्षींच्या नोंदीच एक लाखाहून अधिक पानांच्या झाल्या. एकेक साक्षीदार आठवडेच्या आठवडे पिंजऱ्यात राही.

१०/
तीन कोटी पाने एखाद्या माणसाने रोज पाचशे या वेगाने वाचायची म्हटली तर १६० वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणजे कागद हाती असणे आणि कागदात काय आहे हे माहीत असणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी झाल्या. पुरावा लपवायचा असेल तर तो जाळायलाच हवा असे नाही. तो ढिगात ठेवला तरी पुरते. अशा वेळी सर्वांत मौल्यवान वस्तू कागद नसते, कागदांची सूची असते.

११/
आणि नेमकी अशीच एक सूची अस्तित्वात होती. कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन या प्रतिस्पर्धी कंपनीने सरकारच्याही आधी, डिसेंबर १९६८ मध्ये, आयबीएमवर दावा लावला होता. स्वतः संगणक बनवणाऱ्या या कंपनीने आयबीएमकडून मिळालेल्या दस्तऐवजांची संगणकीय सूची तयार केली : कोणता कागद कुठे आहे आणि त्याचा विषय काय, हे शोधून देणारी. ई-डिस्कव्हरीचे हे प्रारंभीचे रूपच म्हणता येईल.

१२/
जानेवारी १९७३ मध्ये कंट्रोल डेटा आणि आयबीएम यांच्यात तडजोड झाली. आयबीएमने आपली सर्व्हिस ब्युरो कॉर्पोरेशन ही उपकंपनी तिला विकली. आणि तडजोडीचा भाग म्हणून ती संगणकीय सूची नष्ट करण्यात आली. सरकारी वकिलांची त्या सूचीवर भिस्त होती. त्यांनी न्यायालयात जोरदार हरकत घेतली. पण सूची तोवर उरली नव्हती. मूळ कागद सारे शाबूत होते. गेली होती ती फक्त त्यांच्यापर्यंतची वाट.

१३/
पुढली नऊ वर्षे सरकार त्या डोंगराशी झुंजत राहिले. सरकारी वकील बदलत गेले. दरम्यान संगणकाचा बाजारही बदलला : मिनीकॉम्प्युटर आले, १९८१ मध्ये आयबीएमचाच पर्सनल कॉम्प्युटर आला. अखेर ८ जानेवारी १९८२ रोजी न्याय विभागाचे विल्यम बॅक्स्टर यांनी खटल्यात तथ्य नाही असे सांगून तो मागे घेतला. त्याच दिवशी दूरध्वनी कंपनी एटीअँडटीच्या विभाजनाची तडजोडही जाहीर झाली.

१४/
या लढाईच्या अनेक शाखा होत्या. खासगी कंपन्यांनीही आयबीएमवर दावे लावले होते. त्यांपैकी कॅलिफोर्निया कॉम्प्युटर प्रॉडक्ट्सच्या दाव्यात बॉइज यांनी आयबीएमची बाजू लढवली. १९७७ मध्ये न्यायाधीशांनी प्रकरण ज्यूरीकडे जाऊच न देता आयबीएमच्या बाजूने निकाल दिला. तरुण वकिलाचे नाव यानंतर गाजू लागले.

१५/
या वर्षांतून बॉइज यांनी एक धडा घेतला असावा, असे त्यांची पुढली कामे पाहता वाटते. मक्तेदारीचा खटला पसरत गेला की मक्तेदाराचा फायदा होतो. वेळ आणि पैसा त्याच्यापाशी अधिक असतो. फिर्यादीला जिंकायचे तर खटला आखूड हवा, आणि तीन कोटी पानांतून न्यायाधीशाला समजतील अशी मोजकी पाने बाहेर काढता आली पाहिजेत.

१६/
पण शोधायचे कसे? १९८५ मध्ये डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका रेल्वे अपघाताच्या खटल्यातील सुमारे ४०,००० दस्तऐवज, म्हणजे साडेतीन लाख पाने, संगणकात भरली होती. वकील शब्द देऊन शोध घेत. संबंधित कागदांपैकी निदान ७५ टक्के आपल्याला मिळाले, अशी त्यांची खात्री होती. प्रत्यक्षात मिळाले होते सुमारे २० टक्के.

१७/
कारण भाषेत दडले होते. फिर्यादी पक्ष ‘अपघात’ म्हणे. बचाव पक्षाचे लोक आपल्या टिपणांत त्यालाच ‘घटना’, ‘परिस्थिती’, ‘अडचण’ असे सौम्य शब्द वापरत. ‘अपघात’ शोधणाऱ्या वकिलाला ते कागद दिसतच नसत. माणूस कोणत्या बाजूला उभा आहे त्यावर त्याचा शब्दकोश ठरतो, हे इतिहासाच्या अभ्यासकाला नवे नाही. १८५७ ला कोण ‘बंड’ म्हणतो आणि कोण ‘स्वातंत्र्यसमर’, हे आपण जाणतोच.

१८/
दरम्यान लिहिण्याचे साधनच पालटले. १९७० च्या नियम-दुरुस्तीत संगणकीय माहितीचा समावेश झालेला होता. पण खरा बदल घडवला ईमेलने. पूर्वी कंपनीचे पत्र टंकलेखनिकेच्या हातून जाई, वरिष्ठांच्या नजरेखालून जाई, प्रसंगी वकिलाकडूनही तपासले जाई. ईमेल माणूस स्वतः, घाईत, बोलल्यासारखे लिहितो. बोलणे हवेत विरते. ईमेल मात्र सर्व्हरवर, समोरच्याच्या संगणकात आणि बॅकअप टेपवर राहते.

१९/
१९९७ मध्ये बॉइज क्रॅव्हाथमधून बाहेर पडले. न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघासाठी त्यांनी लढवायला घेतलेला दावा पेढीच्या दुसऱ्या मोठ्या अशिलाला, टाइम वॉर्नरला, रुचला नव्हता. त्यांनी जोनाथन शिलर यांच्यासह स्वतःची पेढी काढली. त्याच वर्षाअखेरीस न्याय विभागाचे जोएल क्लाइन यांनी त्यांना मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या कामासाठी पाचारण केले. आयबीएमचा बचाव करणारा वकील आता फिर्यादीच्या बाजूने आला.

२०/
१८ मे १९९८ रोजी न्याय विभाग आणि वीस राज्यांनी मायक्रोसॉफ्टवर दावे दाखल केले. मुद्दा थोडक्यात असा : पर्सनल कॉम्प्युटरवर विंडोजची सत्ता होती. नेटस्केप कंपनीचा ब्राउझर आणि सन कंपनीची जावा भाषा यांमुळे उद्या प्रोग्राम विंडोजशिवायही चालू शकतील, अशी शक्यता निर्माण झाली. ती मोडून काढण्यासाठी मायक्रोसॉफ्टने संगणक बनवणाऱ्या आणि इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांवर जाचक करार लादले, असा आरोप होता.

२१/
न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी आयबीएमची पुनरावृत्ती टाळायचे ठरवले होते. मुख्य साक्षी लेखी, प्रत्येक बाजूस मूळ मर्यादा बारा साक्षीदारांची, आणि न्यायालयात थेट उलटतपासणी. बॉइज यांना हवे तेच मैदान मिळाले. साक्षीदाराचे गुळगुळीत लेखी निवेदन एका बाजूला, आणि त्याच्याच कंपनीचे जुने ईमेल दुसऱ्या बाजूला.

२२/
खटल्याचा कळसबिंदू मात्र न्यायालयाबाहेर आला. २७ ऑगस्ट ते २ सप्टेंबर १९९८ दरम्यान तीन दिवस बिल गेट्स यांचे डिपॉझिशन झाले. एकूण सुमारे वीस तास, सारे कॅमेऱ्यावर. मुख्य प्रश्नकर्ते बॉइज. जानेवारी १९९६ मध्ये आपल्याला कोणत्या परक्या ब्राउझरची चिंता वाटत होती, या प्रश्नावर गेट्स यांनी ‘चिंता’ या शब्दाचा अर्थच कळत नसल्याचे सांगितले.

२३/
मग एका ईमेलवर प्रश्न आले. वरच्या कोपऱ्यात ‘महत्त्व : उच्च’ अशी नोंद होती. हे आपण लिहिले का? गेट्स म्हणाले, नाही. मग ते कसे आले? तो ईमेलचा एक गुणधर्म आहे. तो कोण ठरवतो? सामान्यतः पाठवणारा. आणि इथे पाठवणारा कोण? गेट्स यांना सांगावे लागले की पाठवणारे आपणच असल्याचे दिसते.

२४/
हा संवाद हास्यास्पद वाटतो. पण त्यात ई-डिस्कव्हरीचा गाभा आहे. कागदावर मजकूर असतो. ईमेलवर मजकुराबरोबर त्याची जन्मकुंडलीही असते : कोणी, कोणाला, किती वाजता, किती महत्त्वाचे मानून पाठवले, कोणाला प्रत दिली. या माहितीला मेटाडेटा म्हणतात. माणूस विसरल्याचे सांगू शकतो. ही कुंडली विसरत नाही.

२५/
ऑगस्ट १९९७ मधल्या दुसऱ्या एका ईमेलमध्ये गेट्स यांनी सहकाऱ्यांना विचारले होते की, सन कंपनीला सुरुंग लावण्यासाठी ॲपलने काय करावे याची आपल्याकडे स्पष्ट योजना आहे का. बॉइज यांनी त्याचा अर्थ विचारला. गेट्स यांना ते आठवेना. मुळात हे चित्रीकरण न्यायालयात तुकड्यातुकड्यांनी दाखवले गेले तेव्हा, तत्कालीन वृत्तांतांनुसार, न्यायाधीशांनाही हसू आवरले नाही.

२६/
फेब्रुवारी १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचे वरिष्ठ अधिकारी जिम ऑलचिन साक्षीला आले. ब्राउझर काढल्यास विंडोज मंदावते हे दाखवणारी चित्रफीत कंपनीने सादर केली होती. उलटतपासणीत पडद्यावरील खिडकीच्या शीर्षकपट्टीतील विसंगती पुढे आली : दाखवला गेलेला संगणक सांगितल्याप्रमाणे तयार केलेला नव्हता. कंपनीला चूक मान्य करून नवे चित्रीकरण करावे लागले. पुराव्याइतकाच पुराव्याचा बारकावाही बोलतो, तो असा.

२७/
५ नोव्हेंबर १९९९ रोजी न्या. जॅक्सन यांनी मायक्रोसॉफ्टकडे मक्तेदारी असल्याचा निष्कर्ष नोंदवला. जून २००० मध्ये कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. २८ जून २००१ रोजी अपील न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी एकमताने मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा मुख्य निष्कर्ष कायम ठेवला. पण विभाजन रद्द केले आणि खटला चालू असताना पत्रकारांशी बोलल्याबद्दल जॅक्सन यांना प्रकरणातून दूर केले. नोव्हेंबर २००१ मध्ये तडजोड झाली.

२८/
म्हणजे विजय अपुराच होता. तरीही दोन खटल्यांतील अंतर पाहण्यासारखे आहे. आयबीएमचा खटला तेरा वर्षांत निकालापर्यंत पोहोचलाच नाही. मायक्रोसॉफ्टचा जेमतेम दोन वर्षांत पोहोचला. याचे श्रेय एकट्या ईमेलला देणे चूक ठरेल. न्यायाधीशांची शिस्त, नेटका दावा आणि साक्षीदारांची घसरण हीही कारणे होती. पण हेतूचा पुरावा कंपनीच्या प्रमुखांच्याच शब्दांत मिळाल्याने तो न्यायाधीशाला समजावून सांगावा लागला नाही.

२९/
बॉइज पुढे अल् गोर यांच्या बाजूने २००० च्या निवडणुकीचा वादही लढले आणि हरले. पण मक्तेदारीचे क्षेत्र त्यांनी सोडले नाही. सोदबीज आणि क्रिस्टीज या लिलावगृहांनी संगनमताने दलाली ठरवल्याच्या सामूहिक दाव्यात ते प्रमुख वकील होते. २००० मध्ये ५१.२ कोटी डॉलरांची तडजोड झाली. या प्रकरणात पुरावा जुन्याच धाटणीचा होता : क्रिस्टीजचे माजी प्रमुख क्रिस्टोफर डेव्हिज यांनी जपून ठेवलेले कागद. आरोग्यविमा कंपन्यांच्या ब्लू क्रॉस संघटनेविरुद्धच्या दाव्यात २०२० मध्ये झालेली तडजोड २६७ कोटी डॉलरांची.

३०/
इकडे ई-डिस्कव्हरीचे शास्त्र घडत होते. ‘झुबुलाके विरुद्ध यूबीएस वॉरबर्ग’ या नोकरीतील भेदभावाच्या दाव्यात न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी २००३-०४ मध्ये मूलभूत निर्णय दिले. खटल्याची चाहूल लागताच ईमेल जपणे हे कंपनीचे कर्तव्य. आणि ते जपले जातात की नाही हे पाहणे तिच्या वकिलांचेही. पुसलेले ईमेल कंपनीच्या विरोधात होते असे ज्यूरीने गृहीत धरावे, अशी मुभा मिळाली. २००५ मध्ये ज्यूरीने सुमारे २.९ कोटी डॉलर देवविले.

३१/
१ डिसेंबर २००६ पासून संघीय नियमांत ‘इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवलेली माहिती’ ही संज्ञा स्वतंत्रपणे आली. त्यातून एक नवा व्यवसाय उभा राहिला आणि त्याचा एक धागा थेट मुंबईपर्यंत आला. अमेरिकन खटल्यांतील लाखो ईमेल वाचून ‘संबंधित’, ‘असंबंधित’, ‘गोपनीय’ असे शिक्के मारण्याचे काम भारतीय विधी पदवीधर करू लागले. २००४ मध्ये स्थापन झालेल्या पँजिया-३ या कंपनीचे मोठे कार्यालय मुंबईत होते. २०१० मध्ये ती थॉमसन रॉयटर्सने विकत घेतली.

३२/
वाचणारी माणसेही अपुरी पडू लागली, तेव्हा यंत्र आले. अनुभवी वकिलाने काही हजार दस्तऐवज तपासायचे आणि त्यावरून शिकून संगणकाने उरलेल्यांची वर्गवारी करायची, या पद्धतीला फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्कचे न्यायाधीश अँड्र्यू पेक यांनी प्रथमच मान्यता दिली. ब्लेअर आणि मॅरन यांनी दाखवलेल्या दोषावर, म्हणजे केवळ शब्दावर विसंबण्यावर, हा एक उतारा होता.

३३/
यंत्राची चूक कशी अंगाशी येते, याचे उदाहरण बॉइज यांच्याच पेढीने लढवलेल्या ‘ओरॅकल विरुद्ध गूगल’ या दाव्यातले आहे. (हा दावा पेटंट आणि स्वामित्वहक्काचा, मक्तेदारीचा नव्हे.) गूगलच्या एका अभियंत्याने लिहिलेल्या ईमेलचे कच्चे खर्डे संगणकाने आपोआप जतन केले. अंतिम ईमेलवर वकिलाचे नाव आणि गोपनीयतेची खूण होती, खर्ड्यांवर नव्हती. छाननीत ते निसटले आणि ओरॅकलच्या हाती पडले. न्यायालयाने ते परत देण्यास नकार दिला.

३४/
बॉइज यांचे चरित्र इथे थांबवले तर ते स्तुतिपर होईल. थेरानोस ही रक्ततपासणीचा खोटा दावा करणारी कंपनी त्यांची अशील होती आणि काही काळ ते तिच्या संचालक मंडळावरही होते. २०१७ मध्ये उघड झाले की हार्वी वाइनस्टीन यांच्यासाठी त्यांनी एका खासगी हेरसंस्थेशी करार केला होता. न्यूयॉर्क टाइम्समधील बातमी रोखणे हा त्याचा एक हेतू. आणि टाइम्स तेव्हा त्यांच्याच पेढीची अशील होती. टाइम्सने संबंध तोडले. करार करणे चूक होते, असे बॉइज यांनी नंतर म्हटले.

३५/
दुसऱ्यांच्या दप्तरातून सत्य बाहेर काढण्यात ज्याची हयात गेली, त्याच्याच नावावर माहिती दडपण्याच्या प्रयत्नाची नोंद व्हावी, ही गोष्ट विचारात पाडते. वकिलीचे कौशल्य स्वतः ना उजेडाच्या बाजूचे असते ना अंधाराच्या. ते अशिलाच्या बाजूचे असते. म्हणूनच दस्तऐवज जपण्याची जबाबदारी एखाद्याच्या सचोटीवर न सोडता कायद्याने ठरवावी लागते.

३६/
आणि आता तिसरा टप्पा. मायक्रोसॉफ्टचे ईमेल पाहून पुढच्या कंपन्या शहाण्या झाल्या. गूगलमध्ये अंतर्गत गप्पा नोंद बंद ठेवल्यास चोवीस तासांत पुसल्या जात. एपिक कंपनीच्या मक्तेदारीच्या दाव्यात न्यायाधीश जेम्स डोनाटो यांनी यावर कडक ताशेरे ओढले. डिसेंबर २०२३ मध्ये ज्यूरीने गूगलविरुद्ध निकाल दिला. ५ ऑगस्ट २०२४ रोजी शोधयंत्राच्या खटल्यात न्यायाधीश अमित मेहता यांनीही गूगलला दोषी ठरवले. याबद्दल त्यांनी वेगळी शिक्षा दिली नाही. पण हे वर्तन आपण खपवून घेतले असे कोणी समजू नये, असे बजावले.

३७/
तीन टप्पे एकत्र ठेवून पाहावेत. आयबीएमच्या काळी पुरावा होता, पण ढिगात हरवलेला. मायक्रोसॉफ्टच्या काळी पुरावा होता आणि तो सापडला. आज पुरावा जन्मतो आणि दुसऱ्या दिवशी नाहीसा होऊ शकतो. शर्मन कायद्याचा मुख्य मजकूर जवळपास तोच आहे. बदलले आहे ते दप्तर. त्यामुळे काय जपायचे आणि किती काळ, हा कारकुनी वाटणारा प्रश्न आता मक्तेदारीच्या कायद्याइतकाच महत्त्वाचा झाला आहे.

३८/
इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी यात आणखी एक गोष्ट पणाला लागलेली आहे. पेशव्यांचा कारभार आपण पुण्याच्या पेशवे दफ्तरातून वाचू शकतो, कारण राज्य आपले कागद राखत असे आणि राज्य गेल्यावरही ते राखले गेले. खासगी कंपन्यांवर अशी सक्ती सहसा नसते. त्यांच्या आतल्या व्यवहाराचे जे दस्तऐवज जनतेपुढे येतात, त्यांतले फार मोठे भाग केवळ खटल्यांमुळे आलेले असतात. १९९० च्या दशकातील संगणक उद्योगाचा इतिहास लिहिणाऱ्याला मायक्रोसॉफ्ट खटल्याची निशाणीपत्रे टाळताच येत नाहीत.

३९/
म्हणून १९७३ मधली ती नष्ट झालेली सूची लक्षात ठेवावी. एकही मूळ कागद न जाळता तीन कोटी पाने मुकी करता येतात, हे तिने दाखवले. कागद राखणे पुरेसे नसते. त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाटही राखावी लागते. न्यायालयासाठी हे जितके खरे, तितकेच इतिहासासाठी. धागा इथे संपवतो. शंका, दुरुस्त्या आणि या विषयावरचे आपले वाचन खाली जरूर नोंदवावे.